नारळ परत करणारे सर

आमच्या कॉलेजात प्रत्येक प्राध्यापकाला स्टाफरूममध्ये एक लोखंडी कपाट मिळायचं. कपाट कसलं, उभी ठेवलेली ट्रंकच ती. पण तिच्यावर आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवता यायची, म्हणून नवा माणूस रुजू झाला की आधी किल्ली मागायचा आणि मग टाइमटेबल. ओव्हाळसरांनी ती किल्ली कधीच घेतली नाही. शिपाई दोनदा घेऊन गेला, दोनदा त्याला परत पाठवलं. "नको, मला जायचंय," म्हणाले. शिपायाला वाटलं, तासाला जायचंय.

त्यांना कॅनडाला जायचं होतं. तिथं जाऊन कायदा शिकवायचा होता, आणि जमलं तर कायमचा. हे त्यांनी आल्याआल्याच सांगून टाकलं, आणि पुढची पंधरासोळा वर्षं ते आमच्याकडे 'जाणारा माणूस' म्हणूनच राहिले. पुण्यात अशा माणसाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. सुट्टीनंतर कॉलेज उघडलं की कुणीतरी अगदी मायेनं विचारायचं, "अरे वा, सर, कॅनडाहून आलात वाटतं परत?" सरही तितक्याच मायेनं सांगायचे, "हो. तुमच्यासाठी बर्फ आणला होता, वाटेत वितळला."

मी त्या कॉलेजात ग्रंथपाल होते. कॉलेज वाघोलीत, नगर रस्त्यापासून बरंच आत. मी रोज कसब्यातून बस बदलत जायची. सरकारी अनुदान नसलेलं कॉलेज, त्यामुळे शिकवणाऱ्यांच्या नेमणुका अकरा-अकरा महिन्यांच्या. उन्हाळ्यात नोकरी सुटायची आणि पावसाळ्यात पुन्हा लागायची. मी मात्र परमनंट होते. माणसं बदलली तरी धूळ तीच असते आणि ती झटकायला कुणीतरी कायमचं लागतं, असं संस्थेला वाटलं असावं. कपाट नसल्यामुळे ओव्हाळसर आपली कापडी पिशवी माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवायचे. पिशवीत डबा, एक छत्री आणि कसल्या तरी कोर्टाच्या निकालपत्रांचा गठ्ठा. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "आठवडाभर ठेवली तर चालेल का?" मी हो म्हटलं. तो आठवडा पुढं कित्येक वर्षं संपला नाही.

दिसायला साधे. उंच, किडकिडीत, शर्ट नेहमी पांढरा आणि कॉलरचं बटण लावलेलं. एलएल.बी., एलएल.एम., पीएच.डी., सगळं पुण्यातलं. बोलणं हळू आणि नेमकं, आणि चुकीचा शब्द कानावर पडला की तो दुरुस्त केल्याशिवाय त्यांना पुढं जाता येत नसे. कुणी म्हणालं, "सरांनी डॉक्टरेट घेतली," की लगेच, "घेतली नाही, मिळवली. घेतात ती रजा." एकदा एका मुलानं वर्गात हात वर करून सांगितलं, "सर, आय हॅव अ डाउट." सर म्हणाले, "एकच? मग तुम्ही नीट वाचलेलं नाही. बसा." या तिरकस बोलण्यामुळे लोक त्यांना थोडे वचकून असत. जेवायच्या सुट्टीत त्यांच्या शेजारची खुर्ची बहुतेक रिकामी असायची, आणि मग ते लायब्ररीत येऊन माझ्यासमोर डबा उघडायचे. लायब्ररीत खायला बंदी होती. ती पाटी मीच लावली होती, म्हणून मी ती उलटी करून ठेवायची.

ते करार कायदा शिकवत. शिकवत म्हणजे विचारत. त्यांचं एक ठरलेलं उदाहरण होतं मेथीचं. "मी मंडईत गेलो. बाई म्हणाली, ताजी मेथी, घ्या. मी जुडी उचलली. करार झाला का? जुडी पिशवीत टाकली. आता झाला का? घरी जाऊन बघतो तर आत सडकी निघाली. आता काय?" असं तासभर चालायचं. मुलं आधी हसायची, मग भांडायची, आणि तास संपता संपता कुणीतरी हमखास विचारायचं, "सर, पण एक्झामला मेथी येते का?"

खरी पंचाईत तिथंच होती. मुलांना नोट्स हव्या होत्या. बाकीचे प्राध्यापक नोट्स सांगत, मुलं खाली मान घालून उतरवून घेत, निकाल चांगला लागे. ओव्हाळसर नोट्स द्यायला तयार नव्हते. "मी सांगितलेलं तुम्ही लिहून घेतलंत, तर ते चूक आहे हे तुम्हाला कळणार कधी?" असं ते म्हणत. प्राचार्य भले आणि घाबरट गृहस्थ होते. त्यांनी दरवर्षी सरांना केबिनमध्ये बोलावून समजावलं, आणि दरवर्षी सरांची परमनंट व्हायची फाईल पुढच्या वर्षावर गेली.

कॅनडाचं खूळ कुठून आलं, हे मी एकदा विचारलं. डबा खाता खाता त्यांनी सांगितलं. ते विद्यार्थी असताना तिथला एक म्हातारा प्राध्यापक त्यांच्या कॉलेजात आठवडाभर शिकवायला आला होता. त्यानं फळ्यावर काहीतरी लिहिलं, आणि हे मागच्या बाकावरून म्हणाले की हे चूक आहे. सगळा वर्ग गार. इथले सर तर उठूनच उभे राहिले, याला बाहेर काढायला. तो म्हातारा फळ्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "तुमचं बरोबर असू शकेल."

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच. मला तोपर्यंत कुणी तसं म्हणालं नव्हतं. बालवाडीपासून."

मग डब्याचं झाकण लावता लावता म्हणाले, "आणि बाई, इथं मी आडनाव सांगितलं की समोरच्याला माझ्याबद्दल पुढं काही विचारावंसं वाटत नाही. त्याला सगळं कळलेलं असतं. तिथं ओव्हाळ हा शब्द त्यांना म्हणतासुद्धा येत नाही. ते बिचारे विचारत राहतात."

मी लेले, कसबा पेठ. माझ्या आडनावालाही पुण्यात कधी कुणी पुढचा प्रश्न विचारला नव्हता, पण त्याचं कारण वेगळं होतं. मी त्यांच्या डब्यातली चटणी मागून घेतली.

आता नारळाची गोष्ट. ती आमच्याकडे इतकी सांगितली गेली की नंतर नंतर लोक तिच्यात पदरचं घालायला लागले, म्हणून जशी घडली तशी सांगते.

एका वर्षी खरोखरच सरांना तिथल्या एका लहानशा विद्यापीठातून बोलावणं आलं. एका वर्षाची जागा होती, पण बोलावणं खरं होतं. कॉलेजनं लगबगीनं निरोप समारंभ केला. लगबगीनं अशासाठी की त्यांच्या जागी नोट्स देणारा माणूस आधीच बघून ठेवला होता. प्राचार्यांचं भाषण झालं, सरांना शाल आणि नारळ देण्यात आला. स्टाफरूममध्ये दिवसभर एकच विनोद चालला होता, की कॉलेजनं शेवटी ओव्हाळांना नारळ दिला. सर हसले. त्या दिवशी ते सगळ्यांशी बोलले, अगदी अकाउंट्सच्या लोकांशीसुद्धा. मुलांनी त्यांच्याबरोबर फोटो काढले. मी त्यांना इतकं मोकळं कधी पाहिलं नव्हतं.

आठ-दहा दिवसांनी तिकडून ईमेल आली. तुमच्या पदव्या आमच्या पदव्यांच्या तोडीच्या आहेत की नाहीत, हे आमच्या इथल्या संस्थेकडून आधी ठरवून आणा, तोपर्यंत नेमणूक करता येत नाही, क्षमस्व. झालं.

दुसऱ्या दिवशी सर लायब्ररीत आले ते हातात नारळ घेऊन. माझ्याकडे जुनं वर्तमानपत्र मागितलं. मग पिशवीतून शाल काढली, टेबलावर पसरली, आणि तिच्या घड्या पुन्हा पाडायला लागले. एकदा पाडल्या, मनासारख्या आल्या नाहीत, पुन्हा उलगडल्या. मला फार वाईट वाटत होतं, आणि ते दिसू नये म्हणून मी उगीचच पुस्तकांवर शिक्के मारत बसले.

"मूळ नारळाची आईनं चटणी केली," ते म्हणाले. "हा मी नवा आणलाय. त्याच दर्जाचा आहे, हलवून बघितलाय."

मग ते प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडं होतं आणि लायब्ररी समोरच, त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं.

"अहो सर, हे काय? नारळ कुणी परत करतं का?"

"ज्या कारणासाठी दिलात ते कारण राहिलं नाही. करार फसला की घेतलेलं परत करायचं असतं. मी मुलांना हेच शिकवतो."

"अहो, पण हा काही करार नव्हता. प्रेमानं दिला होता."

"मराठीत नारळ दिला याचा अर्थ कामावरून काढलं. तो मी परत करतोय. तेव्हा काढलं नाही, असं धरायला आपली हरकत नसावी."

प्राचार्य हसले. सगळेच हसले, दारात उभा असलेला शिपाईसुद्धा. पण जागा भरून झालेली होती. मग सरांना तासिका तत्त्वावर घेतलं, म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्यापुरतेच तुम्ही आमचे. सर बरं म्हणाले. पिशवी पुन्हा माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर आली. तो नारळ पुढं कित्येक दिवस प्राचार्यांच्या टेबलावर फुलदाणीशेजारी बसून होता. ही गोष्ट सांगून लोक हसायचे, मीही हसले आहे. पण त्या दुपारी सरांनी डबा उघडला नाही, एवढं मात्र कुणी सांगत नाही.

त्यांच्या घरी मी एकदाच गेले. हडपसरला, त्यांची आई आजारी होती तेव्हा. दोन खोल्या. एक लोखंडी पलंग, एक फोल्डिंगची खुर्ची, भिंतीला एकही खिळा ठोकलेला नाही. जायचंच आहे तर खिळे कशाला, असा हिशेब. कोपऱ्यात मोठी निळी बॅग उभी, तिच्यावर उन्हानं विटलेली चादर. आई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी सगळा जन्म हडपसरच्या बाजारात भाजी विकली होती, हे मला तिथं गेल्यावर कळलं. मेथी कुठून आली तेही कळलं.

"ह्यानं माझ्या गिऱ्हाइकाच्या भानगडी समद्या कालिजात सांगितल्यात म्हनं," त्या म्हणाल्या. "सडकी जुडी म्या कवाच दिली न्हाई, एवढं पोरास्नी सांगा."

"आई, ते उदाहरण आहे," सर स्वयंपाकघरातून म्हणाले. ते आमच्यासाठी चहा करत होते.

"उदाहरण तर उदाहरण. नाव तर माझंच गेलं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ती बॅग बगा. बारा म्हैने भरलेली हाय. मी म्हनलं, बॅगेला जाऊ दे म्होरं, तू मागनं ये. लगीन कर म्हनलं तर म्हनतो जायाचं हाय. पलंग घे म्हनलं तर म्हनतो जायाचं हाय." आणि मग आवाज खाली करून, "बाई, त्यो जाईल का वो?"

"जातील की," मी म्हटलं.

"जाऊ दे. शिकलाय, जायाच पायजे. मी हाय तवर नगं, येवढंच."

सर चहाचे कप घेऊन दारात उभे होते. त्यांनी ऐकलं की नाही मला माहीत नाही. चहात साखर घालायला मात्र ते विसरले होते, आणि आम्ही तिघांनी तो तसाच प्यायला.

आई त्याच हिवाळ्यात गेल्या. सर आठ दिवस आले नाहीत, मग आले आणि काहीच झालं नसल्यासारखे तास घ्यायला लागले. दुपारी मात्र डबा नसायचा. मी माझ्यातली पोळी पुढं केली की म्हणायचे, "नको, सवय लागेल."

त्यानंतर त्यांनी मनावर घेतलं. तिथल्या संस्थेला सगळे कागद पाठवले. उत्तर आलं की तुमच्या पदव्या चांगल्या आहेत, पण त्या इकडच्या नाहीत. तेव्हा इकडच्या कायद्याचे काही पेपर द्या. त्यात एक पेपर करार कायद्याचा होता. पंधरा वर्षं जो विषय शिकवला त्याचीच परीक्षा, तीही चाळिशी उलटल्यावर, आणि तीही पहिल्या वर्षाच्या मुलांची. स्टाफरूमला महिनाभराचा फराळ मिळाला. सर शांतपणे माझ्या टेबलासमोरून उठून वाचनकक्षात जाऊन बसले, थेट आपल्याच विद्यार्थ्यांमध्ये. सकाळी त्यांना शिकवायचं आणि दुपारी त्यांच्या शेजारी बसून घोकायचं.

एक दिवस मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याला सरांनी वर्षभर नोट्स दिल्या नव्हत्या, तो त्यांच्यापाशी गेला आणि अगदी मनापासून म्हणाला, "सर, कॉन्ट्रॅक्टच्या नोट्स देऊ का? सीनियरच्या आहेत, एकदम शॉर्टमध्ये."

मला वाटलं, आता त्या पोराचं काही खरं नाही. पण सर हसायला लागले. लायब्ररीत, मोठ्यानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला उठून 'शांतता राखा'च्या पाटीकडे बोट दाखवावं लागलं. नोट्स त्यांनी घेतल्या, वाचल्या, आणि चुका दुरुस्त करून परत दिल्या. त्या दुरुस्त केलेल्या नोट्सच्या झेरॉक्स मग सगळ्या कॉलेजात फिरल्या. त्या वर्षी निकाल फार चांगला लागला आणि प्राचार्यांनी सरांचं अभिनंदन केलं.

पेपर सगळे सुटले. मग मुलाखती सुरू झाल्या. घरी इंटरनेट धड नव्हतं, म्हणून लायब्ररीच्या संगणकावर, भल्या सकाळी, कॉलेज भरायच्या आत. मी किल्ली घेऊन लवकर यायची आणि नियतकालिकांच्या रॅकमागं गप्प बसायची. पहिल्या मुलाखतीत पडद्यावर चार माणसं होती. त्यांनी अदबीनं विचारलं की तुमच्या संशोधनात विशेष काय आहे?

सर म्हणाले, "नथिंग स्पेशल."

मी रॅकमागं कपाळावर हात मारला. आपल्याकडे जिन्यात भेटलेला माणूस 'काय विशेष?' म्हणतो आणि आपण 'विशेष काही नाही' म्हणतो, मग घरात मुलीचं लग्न ठरलेलं का असेना. सरांच्या तोंडून ते सवयीनं बाहेर पडलं. आपण होऊन आपली थोरवी सांगायची नसते, समोरचा म्हणतो 'अहो असं कसं,' आणि मग आपण सांगायचं. ती चार माणसं 'अहो असं कसं' म्हणाली नाहीत. त्यांनी मान हलवली, लिहून घेतलं आणि आभार मानले.

"असं काय बोललात?" मी रॅकमागून बाहेर आले.

"मग काय, माझ्या तोंडानं सांगू, मी मोठा आहे म्हणून?"

"त्यांनी विचारलं होतं."

"विचारलं म्हणून काय झालं."

पुढच्या मुलाखतीआधी मी त्यांची तयारी करून घेतली. इंग्रजीचं नंतर बघू, आधी मराठीत म्हणा, असं सांगितलं. "म्हणा, माझं काम महत्त्वाचं आहे."

सर उभे राहिले, खाली बसले, चष्मा पुसला. "माझं काम वाईट नाही."

"असं नाही."

"माझं काम… काही लोकांना उपयोगी पडलेलं आहे."

"सर."

शेवटी रॅककडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून ते म्हणाले, "माझं काम महत्त्वाचं आहे." आणि थांबून, "असू शकेल." मी म्हटलं, एवढं पुरे. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, आणि एवढं साधं वाक्य त्यानं जन्मात कधी मोठ्यानं म्हटलेलं नव्हतं.

ते गेले तेव्हा कॉलेजात कुणाला कळलं नाही. जाणीवपूर्वक कळू दिलं नाही. शुक्रवारचे तास घेतले, माझ्या टेबलावरची पिशवी उचलली आणि म्हणाले, "बाई, आठवडा संपला." सोमवारी मुलं वर्गात बसून राहिली. स्टाफरूममध्ये आठ दिवस कुणाचा विश्वासच बसला नाही. येतील परत, असं म्हणून लोक आपापल्या कामाला लागले.

मुलाखतींतून नोकरी मिळाली नव्हती, शिकायला प्रवेश तेवढा मिळाला होता. तिथं त्यांनी आधी पुन्हा एक एलएल.एम. केलं, आपल्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या मुलांबरोबर. मग शिकवायला मिळालं, पण एका सत्रापुरतं, एकच विषय. दर सत्राला नव्यानं अर्ज. "बाई, इथंही तासिका तत्त्वच आहे," फोनवर म्हणाले. "फक्त ते इंग्रजीत आहे, त्यामुळे बरं वाटतं." असं एक-दोन नाही, बरीच वर्षं चाललं. दर रविवारी सकाळी माझ्या चहाच्या वेळी त्यांचा फोन यायचा. तिथं शनिवारची संध्याकाळ असायची. स्वतःबद्दल फारसं सांगायचे नाहीत. कॉलेजात कोण आहे, कोण गेलं, वाचनकक्षाचा पंखा अजून आवाज करतो का, हे विचारायचे. मग म्हणायचे, "फोन जरा खिडकीपाशी धरा." आमच्या मागच्या आळीत तांब्याची भांडी घडवतात, त्यांची ठोकठोक चालू असायची. मी हात अवघडेपर्यंत फोन धरायची. त्यांच्या इमारतीत म्हणे लिफ्टशिवाय कशाचाच आवाज येत नव्हता.

एकदा मात्र मधल्याच वारी फोन आला, आणि आवाजात वेगळं काहीतरी होतं. "आज वर्गात एका मुलीनं मला चुकीचं ठरवलं."

"मग?"

"म्हणालो, तुमचं बरोबर असू शकेल." मग म्हणाले, "नावानं हाक मारतात इथं. सिद्धार्थ. पहिल्यांदा मी मागं वळून बघितलं होतं. आई गेल्यापासून तशी हाक कुणी मारली नव्हती. तास फार छान झाला, बाई. मग घरी आलो. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून तुम्हाला फोन केला."

मी म्हटलं, जेवलात का. म्हणाले, जेवेन.

मी निवृत्त झाले. प्राचार्य त्याआधीच गेले होते. आणि गेल्या वर्षी, दुपारी, न सांगता, ओव्हाळसर माझ्या दारात उभे. केस पूर्ण पांढरे, शर्ट पांढरा, कॉलरचं बटण लावलेलं. हातात मिठाईचा खोका, सुतळीनं बांधलेला.

"लागलो," म्हणाले.

मला क्षणभर कळेना. मग कळलं. परमनंट. इतकी वर्षं सत्रासत्रानं शिकवत होते त्याच विद्यापीठात, करार कायद्याच्या जागेवर. पत्र आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे पुण्याचं तिकीट काढलं. आपल्याकडे नोकरी लागली की पेढे वाटतात. त्यांना ते वाटायचे होते. उतरल्याबरोबर पेढे घेतले आणि तडक वाघोलीला, कॉलेजात गेले.

"मग?"

"गेटवरच्या माणसानं विचारलं, कुणाला भेटायचंय? मला नाव सांगता येईना. त्यानं स्टाफची पाटी दाखवली. सगळी वाचली. एकही ओळखीचं नव्हतं." खोका त्यांनी मांडीवर घेतला होता. "म्हणून तुमच्याकडे आलो. मी अर्धा किलो घेतले. अर्ध्या किलोला किती माणसं लागतात, याचा मला अंदाज नव्हता."

मी सुतळी सोडली. मला साखर आहे, तरी मी एक अख्खा पेढा खाल्ला. दुसरा देवापुढं ठेवला, मग आठवलं आणि त्यांना विचारलं, चालेल ना? म्हणाले, ठेवा, त्यांचं काय जातंय. त्यांना चहा दिला. संध्याकाळचंच परतीचं विमान होतं, सुट्टी तेवढीच मिळाली होती. मी चपला घातल्या आणि म्हटलं, चला, रिक्षापर्यंत येते. खोका उघडाच घ्या, गल्लीत देऊ.

दुपारची वेळ, गल्लीत कुणी नव्हतं. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला तेवढा टपरीत कपड्यांवर पाणी शिंपडत होता. आमचा जुनाच आहे. सरांनी त्याच्यापुढं खोका धरला. त्यानं हात पुसले, पेढा घेतला, सरांच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि म्हणाला, "वा. मुलगा लागला वाटतं नोकरीला?"

मी बोलायला तोंड उघडलं. पण सर माझ्या आधी बोलले.

"हो."

"परमनंट?"

"परमनंट."

"कुठं?"

"कॅनडाला. कॉलेजात शिकवतो."

"नशीब काढलं की पोरानं."

"जरा उशीर केला त्यानं," सर म्हणाले. "पण लागला." आणि आणखी एक पेढा त्याच्या हातावर ठेवला.

मग रिक्षा आली. सर बसले, खोका मांडीवर नीट धरला, मला हात केला. खोक्यात अजून पुष्कळ पेढे होते.